विंध्याचे रान आणि अवधची देग

अवधच्या नवाबी स्वयंपाकाचे वर्णन करणाऱ्या लेखनात बदाम, पिस्ते, मनुका आणि केशर यांना जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी चारोळीला कधीच मिळालेली नाही. बदाम-पिस्ते काबूल-कंदाहारकडून काफिल्यांबरोबर येत, त्यांच्या किमतीत दूरच्या प्रवासाचा खर्च मिसळलेला असे आणि म्हणूनच ते यजमानाच्या ऐपतीची साक्ष देत. चारोळी मात्र लखनऊच्या दक्षिणेला, यमुनेपलीकडे पसरलेल्या बुंदेलखंडाच्या आणि विंध्याच्या पानझडी जंगलांतून येई, ती वेचणाऱ्याच्या हाती फारसे काही पडत नसे आणि वाटून रश्श्यात गेल्यावर ताटात तिचे नावही उरत नसे. उत्तर भारतातील शहरी पाककलेचा इतिहास दरबाराच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला आहे. तो रानाच्या बाजूने वाचायचा असेल, तर चारोळीपासून सुरुवात करणे सर्वांत सोयीचे ठरते.

चारोळीचे झाड आंब्याच्या कुळातले आहे; काजू, पिस्ता आणि बिब्बा हेही त्याच कुळातले. हिंदीत तिला चिरौंजी म्हणतात, बुंदेलखंडात झाडाला व फळाला अचार, विदर्भात चार, आणि संस्कृत ग्रंथांत या वृक्षाचे नाव प्रियाल असे येते. मध्यम उंचीचे आणि सुसरीच्या पाठीसारख्या खवलेदार सालीचे हे झाड मुरमाड, खडकाळ जमिनीवर सावकाश वाढते. हिवाळ्याच्या अखेरीस त्याला बारीक पांढुरकी फुले येतात आणि चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत वाटाण्याएवढी हिरवी फळे पिकून काळसर जांभळी होतात. फळाचा गर पातळ पण आंबटगोड असतो. त्याच्या आत कठीण कवचाची बी असते, जिला हिंदी मुलखात गुठली म्हणतात, आणि त्या बीच्या पोटात तुरीच्या डाळीएवढा जो मगज असतो तीच बाजारातली चारोळी. या मगजात निम्म्याहून अधिक तेल आणि सुमारे पाचवा हिस्सा प्रथिने असतात. तिच्या साठवणीतल्या अडचणी आणि स्वयंपाकातले तिचे गुण, दोन्ही या तेलामुळेच आहेत.

वनस्पतिशास्त्रात या प्रजातीला बुकानानिया हे नाव मिळाले ते फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाच्या सन्मानार्थ. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना बुकाननने म्हैसूर, बंगाल आणि बिहारचे जिल्हे पायाखाली घालून तेथील शेती, झाडे आणि धंदे यांची नोंद केली, आणि १८१३-१४ मध्ये त्याने गोरखपूर जिल्ह्याची पाहणी केली, जो जिल्हा १८०१ पर्यंत अवधच्या नवाबाच्या ताब्यात होता. अवधच्या मुलखात फिरलेल्या माणसाचे नाव अवधच्या स्वयंपाकघरातील एका जिनसाशी जोडले जावे, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

चारोळीची ओळख अर्थातच नवाबांच्या कितीतरी आधीची आहे. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात चित्रकूट पर्वताच्या वृक्षराजीचे वर्णन येते, त्यात आंबा, जांभूळ, असाणा, लोध्र, फणस आणि धावडा यांच्याबरोबर प्रियालाचेही नाव आहे, आणि आजही उत्तर प्रदेशातील चारोळीचा विचार करताना चित्रकूट जिल्हाच पहिल्यांदा समोर येतो. एका महाकाव्यातील वृक्षांची यादी इतक्या दीर्घ काळानंतरही जागच्या जागी पडताळून पाहता यावी, असे फार थोड्या ठिकाणी घडते. कालिदासाने कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात अकाली वसंताचे वर्णन करताना प्रियालाच्या मोहराचे पराग हरणांच्या डोळ्यांत गेल्याचे म्हटले आहे. झाडाच्या फुलण्याचा काळ त्याने अचूक टिपला आहे. आयुर्वेदाच्या संहितांनी प्रियालाच्या मगजाला स्निग्ध आणि बल देणारा मानले. मुघल काळात अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत फळांचे भाव देताना तुराणाकडून, म्हणजे मध्य आशियातून, येणारा मेवा आणि हिंदुस्थानात होणारा मेवा अशी विभागणी केली आणि चारोळीला मखाण्याबरोबर दुसऱ्या गटात जागा दिली. तिचा भाव सोललेल्या बदामाच्या मानाने पुष्कळ कमी होता. शाही कोठाराला चारोळी माहीत होती, पण स्वस्त व देशी म्हणून, एवढे या नोंदीवरून निश्चित म्हणता येते.

नवाब आसफउद्दौला याने १७७५ मध्ये राजधानी फैजाबादहून लखनऊला हलवली आणि पुढील ऐंशी वर्षे, म्हणजे १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा करून वाजिद अली शाहला कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्ज येथे धाडेपर्यंत, या शहरात पाककला हा प्रतिष्ठेचा विषय झाला. लखनऊच्या या काळाचे सर्वांत तपशीलवार चित्र अब्दुल हलीम शरर यांनी ‘दिलगुदाज’ या आपल्या मासिकात १९१३ पासून लिहिलेल्या आणि ‘गुजिश्ता लखनऊ’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या लेखमालेत उभे केले आहे. शरर स्वयंपाक्यांमधला भेद स्पष्ट करतात: मोठमोठ्या देगीतून अनेकांसाठी रांधणारा तो बावर्ची, आणि थोड्या लोकांसाठी, थोड्या प्रमाणात, अतिशय नजाकतीने पदार्थ घडवणारा तो रकाबदार. बदाम तांदळाच्या दाण्यांसारखे आणि पिस्ते डाळीसारखे कापून त्यांची खिचडी शिजवणाऱ्या रकाबदाराचा उल्लेख त्यांनी केला आहे. अशा करामतीला परदेशी मेवाच लागे, कारण तिचे मोल पाहुण्याने ओळखावे अशी अपेक्षा होती. चारोळी एवढी लहान आणि चवीला एवढी सौम्य की तिच्यावर कोरीवकाम करता येत नाही आणि तिचा दिमाखही मिरवता येत नाही. तिचे काम पदार्थाच्या आत चालते, आणि आतल्या कामाची आठवण लिहून ठेवण्याची पद्धत दरबारी लेखनात नव्हती.

हे आतले काम नेमके काय असते, ते अवधी स्वयंपाकाच्या आजवर चालत आलेल्या पद्धतीवरून समजते. चारोळी कोमट पाण्यात भिजवली की तिची पातळ तपकिरी साल सैल होते. ती दोन तळव्यांत चोळून काढून टाकावी लागते, कारण साल राहिली तर वाटण मातकट दिसते आणि घशाशी किंचित खरखर लागते. सोललेली चारोळी खसखशीबरोबर पाट्यावर, थोडे थोडे पाणी शिंपडत, बोटांना कण लागेनासा होईपर्यंत वाटली जाते. कोरम्यात हे वाटण तळलेला कांदा आणि दही घातल्यानंतर पडते आणि मंद आचेवर परतताना त्यातले तेल हळूहळू सुटून रश्श्याला दाटपणा येतो. हळद किंवा टोमॅटो नसलेल्या जुन्या धाटणीच्या पांढुरक्या रश्श्यात तर दाटपणाचा सारा भार अशाच वाटणावर असतो. गलावटीच्या कबाबात तिचे प्रयोजन वेगळे आहे. गलावट म्हणजे मांस इतके मऊ करणे की ते दातांशिवाय विरघळावे, आणि त्यासाठी बारीक कुटलेल्या खिम्याला कच्च्या पपईचा लेप दिला जातो. पण पपईने खिमा सैल होतो आणि तव्यावर टाकताच पसरू लागतो. तो आवरण्यासाठी भाजलेल्या चण्याचे पीठ घालतात, जे पाणी शोषून घेते, आणि चण्याने येणारा कोरडेपणा चारोळी-खसखशीच्या वाटणातले तेल भरून काढते. या तिन्ही जिनसांचे प्रमाण जुळले तरच कबाब तव्यावर आकार धरतो आणि तोंडात आकार सोडतो. हे कबाब एका दात पडलेल्या नवाबासाठी निर्माण झाले, ही लखनऊमध्ये सर्वत्र सांगितली जाणारी कथा मनोरंजक आहे. परंतु तिच्यापेक्षा या तीन पदार्थांच्या मेळातून स्वयंपाक्याच्या बुद्धीचे अधिक विश्वसनीय प्रमाण मिळते.

गोड पदार्थांत मात्र चारोळी उघडपणे दिसते आणि तेथे ती दरबारापेक्षा घरांशी अधिक जोडलेली आहे. ईदच्या शेवयांत तुपावर गुलाबी होईपर्यंत परतलेली चारोळी, मखाणे आणि खोबरे असतेच. होळीच्या गुजियांत खव्याबरोबर ती भरली जाते, आणि जन्माष्टमीला धण्याच्या पंजिरीत व पंचामृतातही ती पडते. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घरांच्या सणांना सारखेपणाने लागणारा हा मेवा लखनऊच्या चौक आणि याहियागंज यांसारख्या जुन्या बाजारपेठांतून दोघांनीही खरेदी केला. मराठी वाचकाला चारोळी श्रीखंडावर आणि बासुंदीत माहीत असते, म्हणजे वरून घालायची शोभा व मधूनच दाताखाली येणारा खुसखुशीतपणा या रूपात; तिला वाटून तिखट पदार्थाचा पाया करण्याची अवधी रीत महाराष्ट्रात फारशी रुजली नाही.

ही चारोळी रानातून घरापर्यंत कशी येते, हा भाग पाककलेच्या पुस्तकांत जवळजवळ नसतोच. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा शेतात काम नसते आणि घरातले धान्य संपत आलेले असते, तेव्हा चित्रकूट, ललितपूर, मिर्झापूर आणि सोनभद्र भागांतील रानांत फळे वेचण्याचे काम चालते, आणि त्यात बायका-मुलांचा वाटा मोठा असतो. चित्रकूट जिल्ह्यातील माणिकपूरच्या परिसराला पाठा म्हणतात. तेथील कोल समाजाची आणि ललितपूरकडील सहरिया समाजाची उपजीविका रानावर दीर्घकाळ अवलंबून राहिली आहे. फळे रात्रभर पाण्यात भिजवून ठेवतात आणि सकाळी हातांनी किंवा गोणपाटावर रगडून त्यांचा गर व साल धुऊन काढतात. उरलेली बी उन्हात खडखडीत वाळवली जाते. बी फोडणे हे सर्वांत कसबाचे काम आहे, कारण कवच कठीण आणि मगज नाजूक. त्यासाठी दगडी जाते वापरतात, पण दळण्यासाठी नव्हे: जात्याच्या दोन दगडांमधले अंतर असे राखायचे की कवच तडकावे आणि मगजाचे दोन तुकडे होऊ नयेत. मग सुपाने पाखडून टरफल वेगळे करायचे आणि राहिलेले खडे हाताने निवडायचे. एवढ्या मेहनतीनंतर हाती येणारा मगज बीच्या वजनाच्या मानाने थोडाच असतो.

या मेहनतीचे मोल कसे केले गेले, याची सर्वांत कटू नोंद बस्तरकडची आहे, जेथे आठवडी बाजारात व्यापारी आदिवासींकडून चारोळी घेत आणि बदल्यात तेवढेच मीठ देत. समुद्रापासून दूरच्या जंगलात मिठाची टंचाई असे आणि ब्रिटिश काळात त्यावर जबर कर होता, हे खरे. तरीही शहरात मेव्याच्या भावाने विकली जाणारी वस्तू रानात मिठाच्या भावाने घेणे हा व्यापार नसून दुसऱ्याच्या गरजेची लूट होती. चारोळीच्या इतिहासातला हा अन्याय लखनऊच्या दस्तरख्वानाच्या वर्णनाबाहेर ठेवणे योग्य नाही, कारण रानमेवा स्वस्त राहिला तो बऱ्याच अंशी अशाच व्यवहारांमुळे.

या रानाच्या कडेला मराठी माणसांचीही वस्ती होती. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून पेन्शन स्वीकारली, त्यांच्या घराण्याचे बस्तान चित्रकूटजवळच्या कर्वी येथे बसले, आणि अमृतरावांचे पुत्र विनायकराव पेशवे यांनी बांधलेली गणेशबाग आजही तेथे उभी आहे. कर्वीच्या नैर्ऋत्येला सागर येथे गोविंदपंत बुंदेले यांनी अठराव्या शतकात मराठ्यांचे ठाणे वसवले. त्या सागरची चारोळीची बर्फी आजही प्रसिद्ध आहे आणि अख्खा मगज हाच तिचा मुख्य घटक असतो, सजावट नव्हे. पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीस इंडियन मिडलँड रेल्वेने झाशीहून कानपूरकडे आणि माणिकपूरकडे मार्ग टाकले, तेव्हा बैलांच्या तांड्यांवर अवलंबून असलेला रानमाल कानपूरमार्गे लखनऊपर्यंत पोहोचणे पुष्कळ सोपे झाले. जॉर्ज वॉटने १८८९ पासून प्रसिद्ध केलेल्या भारताच्या आर्थिक उत्पादनांच्या कोशात या झाडाची स्वतंत्र नोंद आहे.

साठवणीच्या बाबतीत चारोळीचा एकच मोठा शत्रू आहे, तो म्हणजे तिचेच तेल. कवचात असेपर्यंत मगज सुरक्षित असतो. म्हणून जाणता आडत्या माल बीच्या रूपात ठेवतो आणि मागणीप्रमाणे फोडून घेतो. एकदा फोडला की हवा, उष्णता आणि ओल यांच्या संपर्काने तेल बिघडते आणि मगजाला खवट वास येऊ लागतो, जो तुपात परतल्यावर झाकला न जाता उलट वाढतो. लखनऊचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा, दोन्ही तिला सोसत नाहीत, आणि नवा माल नेमका याच दोन ऋतूंच्या सांध्यावर बाजारात येतो. यामुळे घरोघरी चारोळी पावसाआधी ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरण्याची, थोडी थोडी विकत घेण्याची आणि वापरण्यापूर्वी एक दाणा चावून पाहण्याची रीत पडली. आता शीतकपाटाने हा प्रश्न बराच सोपा केला आहे.

रानमेव्यावर हक्क आणि नाव कोणाचे, या प्रश्नासाठी ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या खाद्य बियांचा इतिहास तुलनेला घेण्यासारखा आहे, कारण चारोळीचे एक सख्खे भावंड तिकडेच आहे. बुकानानिया ओबोव्हाटा हे याच प्रजातीचे झाड उत्तर ऑस्ट्रेलियात वाढते आणि अर्नहेम लँडमधील आदिवासी त्याची हिरवी फळे पूर्वापार खात आले आहेत. क्वीन्सलँडमधील बुन्या नावाच्या उंच सूचिपर्णी वृक्षाच्या मोठ्या बिया दर दोन-तीन वर्षांनी विपुल येत, आणि त्या हंगामात दूरदूरचे आदिवासी गट एकत्र जमून त्या भाजून खात, विवाह ठरवत आणि तंटे मिटवत. वसाहतीचा तत्कालीन गव्हर्नर गिप्स याने १८४२ मध्ये, ही झाडे आदिवासींच्या अन्नाचा आधार आहेत असे मान्य करून, त्या प्रदेशात लाकूडतोडीचे परवाने देण्यास मनाई केली. क्वीन्सलँड ही स्वतंत्र वसाहत झाल्यावर १८६० मध्ये ते संरक्षण संपले. तिसरे उदाहरण मॅकाडेमियाचे. क्वीन्सलँडच्या पावसाळी रानातले हे कठीण कवचाचे फळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवाईला नेले गेले, विसाव्या शतकात तेथे त्याच्या व्यापारी बागा उभ्या राहिल्या आणि जगाच्या मोठ्या भागाला ते हवाईचे म्हणूनच माहीत झाले.

भारतातही रानमेव्यावरचा हक्क कायद्याने ठरू लागला. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव व संरक्षित अशी विभागणी केली, तेव्हा सरकारचे लक्ष साग-सालाच्या लाकडावर होते. चारोळी, मोह, तेंदू यांना ‘गौण वनोपज’ असे नाव मिळाले आणि ती वेचणे हा हक्क न राहता सवलत झाली. ही स्थिती बदलण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, ज्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. मात्र उत्तर प्रदेशात कोल समाजाची गणना अनुसूचित जमातींत होत नाही, अनुसूचित जातींत होते, आणि त्यामुळे त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या पूर्वजांच्या हाती कधी कागद पडला नाही, त्यांच्यासाठी ही अट फार जड आहे. वनोपजाला किमान आधारभूत किंमत देणारी केंद्राची योजना २०१३-१४ मध्ये सुरू झाली व तिच्या पहिल्या यादीतच चारोळी होती, परंतु ती आरंभी पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र असलेल्या राज्यांपुरती होती आणि उत्तर प्रदेशात असे क्षेत्र नाही. पुढे ती सर्व राज्यांना लागू झाली आणि २०२० मध्ये चारोळीच्या बीचा दर किलोला १२६ रुपये ठरला.

भाव वाढले तशी एक नवी अडचण उभी राहिली. रानातले झाड कोणा एकाचे नसल्याने, आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल या भीतीने फळे पिकण्याआधीच ओरबाडली जातात, कधी फांद्याच छाटल्या जातात, आणि अशा कच्च्या फळातला मगज सुरकुतलेला, कमी तेलाचा आणि लवकर बिघडणारा निघतो. पिकलेले बी जमिनीवर न पडल्याने नवी रोपेही उगवत नाहीत. त्यातच कवच कठीण व बीची उगवणशक्ती अल्पकाळ टिकणारी. लखनऊच्या परिसरात, मलिहाबाद आणि काकोरीकडे, आंब्याच्या कलमांवर पिढ्यानपिढ्या मेहनत झाली, दशहरीसारखी जात तेथे जोपासली गेली आणि रहमानखेडा येथे १९७२ मध्ये आंबा संशोधनाचे केंद्रही उभे राहिले. त्याच कुळातल्या चारोळीच्या वाट्याला ही चिकाटी आली नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूचे, तोही याच कुळातला, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने अनेक वाण दिले, आणि आज लखनऊच्या कितीतरी उपाहारगृहांत कोरम्याचा दाटपणा चारोळीऐवजी काजूच्या वाटणाने आणला जातो. काजूने रस्सा अधिक गोडसर आणि जड होतो, व जुन्या चवीशी परिचित असलेल्याला तो फरक पहिल्या घासाला कळतो. चारोळीवरचे कलमांचे प्रयोग गेल्या काही दशकांतले आहेत; गुजरातेतील गोध्रा येथील केंद्रीय प्रयोगकेंद्राने ‘थार प्रिया’ हा निवडलेला वाण दिला आहे आणि कोवळ्या फांदीवर कलम बांधल्यास झाड बियाण्याच्या रोपापेक्षा लवकर फळते, असे तेथे दिसून आले आहे. पाठ्याच्या खडकाळ जमिनीला असे झाड मानवणारे आहे, आणि ते बांधावर, स्वतःच्या मालकीच्या जागेत लावले गेले तर त्याचे फळ ज्येष्ठापर्यंत फांदीवर ठेवण्यास वेचणाऱ्याला कोणाची भीती बाळगावी लागणार नाही.